जुन्या गाडीचा स्पार्क प्लग निवडताना: डबीवरच्या नंबरापर्यंत पोहोचण्याआधी

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर ‘प्लग द्या’ म्हटलं की समोरून एकच प्रश्न येतो, ‘कुठली गाडी?’ नाव सांगितलं की डबी पुढे. नव्या गाडीला हे चालून जातं. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीचं मात्र आरसी बुकातलं नाव आणि बॉनेटखालचा माल यांचा मेळ बसेलच असं नाही. मधल्या काळात हेड (सिलिंडरवरचं झाकण) बदललेलं असतं, ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलेलं असतं, कुणा मालकाने सीएनजी किट बसवून पुन्हा उतरवलेलं असतं. त्यामुळे आत्ता गाडीत जो प्लग आहे तोच बरोबर असणार, असं धरून चालू नका. कुण्या घाईतल्या मेकॅनिकच्या हाताला लागला म्हणूनही तो तिथे बसलेला असू शकतो.

प्लग निवडायचा क्रम ठरलेला आहे. आधी अंगाचं माप, मग हीट रेंज (टोक किती तापलेलं राहतं ते), मग गॅप (ठिणगी ज्या फटीत उडते ती), मग आत रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा देणारा भाग, हवा की नको, आणि टोकाच्या धातूचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक शेवटून सुरुवात करतात. ‘इरिडियम टाकू का?’ इथूनच चर्चा सुरू होते.

प्लग काढताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग ओढला तर प्लगाबरोबर हेडचे आटेही निघून येऊ शकतात, आणि मग दोनतीनशे रुपयांच्या कामासाठी हेड उतरवून आट्यांत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं, बसवायची वेळ येते. चार सिलिंडर असतील तर वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ लिहा. वायर ओढू नका, टोपी धरून फिरवत काढा.

प्लग ज्या खळग्यात बसतो तिथे आधी फुंकर मारायची. सायकलचा पंप पुरतो. पुण्यात रस्ते कायम खणलेले, त्यामुळे या खळग्यात बारीक खडी आणि सिमेंटची धूळ हमखास सापडते. प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

प्लग घट्ट असेल तर पाव फेरा सैल करा, आट्यांवर दोन थेंब पातळ तेल सोडा आणि चहा पिऊन या. मग थोडा सैल, थोडा घट्ट असं करत बाहेर काढा. पाना आत रबर असलेला घ्या. जुन्या १४ मिमी आट्यांच्या प्लगाला बहुधा २०.८ मिमीचा, म्हणजे दुकानात २१ नंबर म्हणून मिळणारा पाना लागतो. बारीक षटकोनाच्या प्लगाला १६ चा. तिरका लागलेला पाना चिनीमातीला चीर पाडतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे पावसाळाभर गाडी ‘मिसिंग’ का करते, म्हणजे मध्येच ठिणगी का चुकते, याचा शोध चालू राहतो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवा. एवढ्यात पुसू नका.

अंगाचं माप

इथे चार गोष्टी बघायच्या: आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बैठक आणि षटकोन. व्यास जुन्या गाड्यांत बहुतेक १४ मिमी. हिरो होंडाच्या शंभर सीसी गाड्यांना १० मिमीचा बारीक प्लग. बैठक दोन प्रकारची असते, वायसर असलेली सपाट आणि वायसर नसलेली निमुळती. यांची अदलाबदल चालत नाही. षटकोनाचं माप फक्त पाना आत जाईल की नाही एवढंच ठरवतं.

घोटाळा होतो तो लांबीत. १४ मिमीच्या प्लगात प्रामुख्याने दोन लांब्या येतात, १२.७ आणि १९ मिमी. दोन्ही प्लग एकाच भोकात तितक्याच आरामात फिरत जातात. जिथे १२.७ चा हवा तिथे १९ चा लावला तर टोक सहा मिलिमीटरहून जास्त आत घुसतं. नशीब चांगलं असेल तर नुसता कार्बन धरतो, नसेल तर पिस्टन किंवा वाल्व्ह त्यावर आपटतो. उलट १९ च्या जागी आखूड प्लग लावला तर गाडी चालते, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. हेडमधले मोकळे राहिलेले आटे कार्बनने भरतात, आणि पुढे योग्य प्लग लावायला जावं तर तो अर्ध्यावर अडकतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. आटे साफ करायचा टॅप ग्रीस लावून हळूहळू फिरवायचा, म्हणजे कार्बन ग्रीसला चिकटून वर येतो.

मोजायचं व्हर्नियरने, आणि मोजायचे फक्त आटे: वायसर हेडला जिथे टेकतो तिथपासून आट्यांच्या शेवटापर्यंत. पुढे आलेली चिनीमाती किंवा इलेक्ट्रोड (ठिणगी उडते ते धातूचं टोक) यात धरायचा नाही.

काढलेला प्लग उजेडात आडवा धरून आटे बघा. वरपासून खालपर्यंत सगळे आटे सारख्याच रंगाचे असतील तर प्लग गरजेपेक्षा लांब नाही, पण तो आखूड असला तरी आटे असेच दिसतात. वरचे आटे चकचकीत आणि खालचे चार-पाच काळे, कार्बनने माखलेले असतील, तर तेवढा भाग हेडच्या बाहेर, जाळाच्या खोलीत उघडा पडत होता. हा प्लग या हेडचा नाही. अशी खूण दिसली तर जुन्या नंबरावर नवीन प्लग मागू नका, मॅन्युअल शोधा. जुन्या गाड्यांची मॅन्युअलं रद्दीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून सापडतात.

हीट रेंज, आणि आकड्यांचा उलटा खेळ

‘गरम’ प्लग जास्त जोरदार ठिणगी देतो, ही समजूत गॅरेजांतही ऐकायला मिळते. ठिणगीचा इथे काही संबंध नाही. प्रश्न एवढाच असतो, की प्लगाच्या टोकाची उष्णता हेडपर्यंत किती लवकर पोहोचते. आतली चिनीमातीची दांडी लांब असेल तर उष्णतेला जायला वेळ लागतो आणि टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. दांडी आखूड असेल तर टोक लवकर निवतं, तो थंड प्लग.

टोकाला साधारण ५०० अंश सेल्सियस तरी तापमान मिळायला हवं, तरच त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. ते साडेआठशेच्या वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. पिस्टनला भोक पडण्याचं हे एक ठरलेलं कारण. हीट रेंजची एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. म्हणून एक पायरी इकडेतिकडे करायला वाव आहे, तीन पायऱ्यांना नाही.

आता नंबर. प्लग बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. डेन्सोतही तसंच. बॉशमध्ये बरोबर उलट, आकडा वाढला की प्लग गरम. चॅम्पियनही बॉशच्या बाजूला. समजा, टू-स्ट्रोक गाडीत एनजीकेचा ८ नंबरचा प्लग होता. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ‘काका, तो नाही, बॉशचा घेऊन जा, हा पण आठच आहे.’ बॉशचा ८ म्हणजे एनजीकेचा ५. तीन पायऱ्या गरम. हा प्लग घालून दिवे घाट चढायला काढलेली गाडी वर पोहोचेलही, पण पिस्टनचा भरवसा देता येणार नाही.

चारचाकीत नेहमी लागणाऱ्या दोन जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एनजीकेचा बीपी५ईएस म्हणजे बॉशचा डब्ल्यू८डीसी आणि डेन्सोचा डब्ल्यू१६ईपी-यू. एनजीकेचा बीपी६ईएस म्हणजे बॉशचा डब्ल्यू७डीसी, डेन्सोचा डब्ल्यू२०ईपी-यू, चॅम्पियनचा एन९वायसी.

एनजीकेचा नंबर वाचायला सोपा आहे. पहिलं अक्षर व्यासाचं: बी म्हणजे १४, सी म्हणजे १०, डी म्हणजे १२ मिमी. पी असेल तर चिनीमातीचं टोक पुढे आलेलं. आर असेल तर आत रेझिस्टर. मग हीट रेंजचा आकडा. त्यानंतरचं अक्षर लांबीचं: ई म्हणजे १९, एच म्हणजे १२.७ मिमी. शेवटी डॅश देऊन ९ किंवा ११ लिहिलं असेल तर गॅप ०.९ किंवा १.१ मिमी. बॉशमध्ये लांबी आकड्यानंतरच्या अक्षरात लपलेली असते. ए आणि बी म्हणजे १२.७, सी आणि डी म्हणजे १९. यांतल्या बी आणि डी यांचं टोक पुढे आलेलं असतं.

जुन्या मॅन्युअलमध्ये मात्र यांतलं काहीच नसतं. तिथे ‘मायको डब्ल्यू १७५’ किंवा ‘डब्ल्यू २२५’ असं काहीतरी छापलेलं असतं. आजची बॉश लिमिटेड म्हणजे २००८ पर्यंतची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, आपली मायको, आणि तिचे हे आकडे बॉशच्या जुन्या पद्धतीचे. त्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड, आजच्या बॉशच्या अगदी उलट. जुना १४५ म्हणजे आजचा ८, १७५ म्हणजे ७, २२५ म्हणजे ५. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अधूनमधून न वापरलेले मायको प्लग मिळतात. चिनीमाती अखंड असेल आणि आट्यांना गंज नसेल तर ते बेलाशक वापरा.

पायरी बदलायची कधी? कंपनीने दिलेला नंबर हा पहिला पर्याय, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. इंजिन थोडं तेल खातं, गाडी कोथरूडहून डेक्कन आणि परत एवढीच फिरते, प्लग वारंवार काळे होतात, आणि बोअरचं (सिलिंडर घासून नीट करायचं) काम या वर्षी जमणार नाही, अशा गाडीला एक पायरी गरम प्लग लावायला हरकत नाही. तीच गाडी भर उन्हाळ्यात चार माणसं भरून खंबाटकी घाट चढणार असेल तर मूळ नंबर परत लावा. आणि चढावर इंजिन टकटक वाजतं म्हणून थंड प्लग लावत बसू नका. आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा.

गॅप

डबीतून निघालेल्या प्लगाचा गॅप बरोबरच असतो, असं दुकानदार सांगतो. तो प्लग जगभरच्या अनेक इंजिनांना चालणारा असतो, तुमच्या इंजिनाचा गॅप काही डबीवाल्याला माहीत नसतो. पॉइंट आणि कॉइलच्या (कॉइल म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) जुन्या गाडीला साधारण ०.६ ते ०.८ मिमी, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ०.८ ते १.१. नेमका आकडा मॅन्युअलमधला.

गॅप वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. जुनी कॉइल ते देऊ शकत नाही. आयडलला गाडी छान चालते, पण टॉप गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की धक्के खाते, कारण दाबाखालच्या मिश्रणात ठिणगी उडवणं मोकळ्या हवेतल्यापेक्षा कितीतरी अवघड. ‘करंट तर मस्त येतोय’ म्हणत मेकॅनिक प्लग हेडला टेकवून ठिणगी दाखवतो, त्याचा अर्थ म्हणूनच मर्यादित आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर हा प्रयोग करताना प्लग हेडला नीट टेकलेला असू द्या. वायर मोकळी सोडून स्टार्टर मारला तर मॉड्यूल जाऊ शकतं.

गॅप मोजायला फिलर गेज वापरा. पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. वाकवायचा फक्त बाहेरचा, प्लगाच्या अंगाशी जोडलेला इलेक्ट्रोड. मधल्यावर जोर दिला की चिनीमाती फुटते. गॅप कमी करायला प्लग फरशीवर आपटणं ही पद्धत सर्रास चालते, पण हलक्या हाताने पान्याच्या दांड्यावर टेकवलं तरी काम होतं.

सीएनजीवरच्या गाडीला गॅप ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. किट बसवल्यावर गाडी मिसिंग करते, अशा तक्रारींपैकी बऱ्याच इतक्यानेच सुटतात.

रेझिस्टर आणि टोपी

आर असलेल्या प्लगात साधारण ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो. रेडिओतली खरखर आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतला गोंधळ टाळायला तो लागतो. इंजेक्शनच्या गाडीला आर हवाच. पॉइंटच्या गाडीला आर चालतो, पण टोपीतही रेझिस्टर आहे का ते बघा. टोपी मल्टिमीटरला लावून मोजली की लगेच कळतं. टोपीत पाच हजार, प्लगात पाच हजार, वर जुनी कार्बनची वायर, असं सगळं मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या जनित्रावर) चालणाऱ्या दुचाकीवर लादलं की सकाळी किका मारून पाय दुखतात. दोनांपैकी एकच रेझिस्टर ठेवा.

इरिडियमबद्दल माझं मत सरळ आहे. सुस्थितीतल्या इंजिनाला तो उत्तम, टिकतोही खूप. पण तेल खाणाऱ्या इंजिनात महागडा प्लगही तेलाने तितकाच माखतो, आणि त्याचा बारीक इलेक्ट्रोड तारेच्या ब्रशने घासता येत नाही. साधा निकेल-कॉपरचा प्लग स्वस्त असतो, दरवर्षी बदलता येतो आणि काढून बघायला जिवावर येत नाही. जुन्या गाडीत प्लग वरचेवर काढून बघण्यातच अर्धं निदान असतं.

घेताना

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. छपाई आणि डबी आता इतकी हुबेहूब असते की त्यावर फार विसंबू नका. आट्यांवरून नख फिरवा, कुठे अडायला नको. वायसर सैल असला तरी प्लगावरून सहज गळून पडायला नको. बाहेरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर वर असावा. आर लिहिलेला प्लग असेल तर मल्टिमीटर वरच्या टोकाला आणि मधल्या इलेक्ट्रोडला लावा. काही हजार ओहम दिसायला हवेत. शून्य दाखवत असेल तर आर फक्त छापण्यापुरता आहे, परत करा. खिशातला मल्टिमीटर काढला की काउंटरवरचा सूर बदलतो, हा वरचा फायदा.

चारचाकीला चारही प्लग एकाच नंबराचे आणि एकाच वेळी बदला.

बसवताना

आधी नुसत्या हाताने. खोल खळग्यात प्लगाच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून फिरवा. आटे तिरके लागले तर नळी आपोआप घसरते आणि हेड वाचतं. शेवटपर्यंत हाताने गेला की मग पाना. वायसर नवीन असेल तर साधारण अर्धा फेरा, वापरलेला प्लग परत लावत असाल तर फेऱ्याचा बारावा ते आठवा भाग, निमुळत्या बैठकीला फक्त सोळावा. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीच्या प्लगाला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १० मिमीला १० ते १२. आट्यांना ग्रीस लावू नका. त्याने घर्षण कमी होतं, हाताला कळत नाही आणि प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

वाचताना

प्लगाचा रंग बघायचा तर गाडी कुठून आली आहे ते महत्त्वाचं. लक्ष्मी रोडवरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आलेल्या गाडीचा प्लग काळाच असणार. जुन्या मुंबई रस्त्याने तळेगावपर्यंत एका लयीत चालवा, मग रस्त्याच्या कडेला मोकळी, सपाट जागा बघा. इंजिन आयडलला फार वेळ न ठेवता बंद करा, थंड होऊ द्या आणि प्लग काढा. चालत्या गाडीची चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं.

फिका तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओलं, चकचकीत काळं म्हणजे तेल, म्हणजे रिंगा किंवा वाल्व्हचे सील. टू-स्ट्रोकमध्ये थोडा ओलेपणा चालतो, पेट्रोलमध्येच तेल असतं. पांढरं शुभ्र टोक आणि त्यावर वितळल्यासारखे बारीक दाणे दिसले तर गाडी तशीच दामटू नका. मिश्रण पातळ आहे, टायमिंग पुढे आहे किंवा प्लग फार गरम आहे. चारांतला एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा, प्लगाच्या नंबराचा नाही.

हल्ली आणखी एक गोष्ट. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण पातळ होतं, आणि प्लगाचं टोक पूर्वीपेक्षा फिकं दिसू लागतं. हे बघून हीट रेंज बदलायला धावू नका. जेट आणि एअर स्क्रू जुळवून घ्या, आणि त्याच वेळी पेट्रोलचे रबरी पाइपही तपासा, जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा काढून बघा. रंग बरोबर असेल तर प्लगाचा पूर्ण नंबर आणि गॅप एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा स्कूटरच्या डिकीत चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी गाडीचं नाव सांगायची गरज पडणार नाही, नंबर सांगता येईल. डिकीत एक जादा प्लग गॅप लावूनच ठेवा आणि कागदी डबीत नको, पावसात ती भिजते. झाकणाची प्लास्टिकची डबी घ्या, सोबत पाना असू द्या.